तबकडी पुन्हा लावताना

गेल्या मृतस्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही सिल्वासाच्या कबरस्थानात उभे होतो. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, जपमाळ संपली होती आणि मंडळी घरोघर परतण्याच्या बेतात होती. आमचा भाचा मात्र आपल्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या ख्रिस्तवासी भावजींच्या, कबरीपाशी रेंगाळत होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा तो सहज म्हणाला, “मामा, आज फादरांनी मृतांसाठी जो सार्वकालिक प्रकाश मागितला ना, त्याच नावाचे गाणे मेटॅलिकाने केले आहे. लॅटिन नाव, जसेच्या तसे.”

मेटॅलिका हे नाव ऐकताच आम्ही चपापलो. त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून आजचा लेख प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

१९९५ सालची गोष्ट. हा भाचा त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. मुंबईस शिकणाऱ्या एका नातलगाकडून त्याने काही कॅसेटी आणल्या होत्या आणि शाळेतून आला की तो त्या लावून बसे. त्याच सुमारास एका प्रवचनकारांनी तपःसाधनेच्या दिवसांत आईबापांस बजावले की, असले संगीत घरात ठेवणे म्हणजे सैतानास पाट मांडून देणे होय. भावजी बिचारे साधे गृहस्थ. आम्ही चार बुके वाचलेली, म्हणून ते आमचा सल्ला विचारावयास आले. आम्ही एक कॅसेट लावली, फार तर दोन मिनिटे ऐकली आणि म्हणालो, “जाळून टाका.” परसात कॅसेटी जळाल्या. मुलगा पायरीवर बसून पाहत होता. रडला नाही, बोलला नाही. एकूण अकरा कॅसेटी होत्या. ही संख्या आम्हांस यंदा कळली, ती त्यानेच सांगितली म्हणून.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

ज्या संगीतास इंग्रजीत ‘हेवी मेटल’, म्हणजे जड धातू, असे विचित्र नाव आहे, त्याचा उगम कोणा सैतानी मठात झाला नाही. तो झाला कारखान्यांच्या गावात. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. गिटार सुटणार असे सर्वांस वाटले. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या सुरात वाजविल्या. त्याच्या खोल, घरघरत्या नादातून १९७० साली ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. याच वृंदात बहुतेक गीतांचे शब्द लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथोलिक घरातला मुलगा होय. १९७१ सालच्या त्यांच्या तबकडीत ‘आफ्टर फॉरेव्हर’ हे त्याचे गीत आहे. देवाची टिंगल करणाऱ्या तरुणास ते मरणानंतरचा प्रश्न विचारते. सिल्वासातील आपली कितीतरी मुले सूत आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबतात. यंत्राचा अखंड घरघराट कानांत घेऊन घरी येणे म्हणजे काय, हे त्यांस सांगावे लागत नाही. आमच्यासारख्या टेबलाशी बसणाऱ्यांस मात्र ते सांगावे लागते.

मुंबईतही या संगीताचे भक्त थोडे नव्हते. धोबी तलावाजवळ, आपल्या सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या शेजारीच, रंगभवन हे खुले नाट्यगृह होते. शांतता-क्षेत्राच्या नियमाने तेथील कार्यक्रम बंद होईपर्यंत शहरातील अशा वाद्यवृंदांची ती पंढरीच होती. वांद्रे, गिरगाव, वसई येथील किती ख्रिस्ती मुले तेथे घाम गाळून, घसा बसवून परतली असतील आणि दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सेला वेळेवर उभी राहिली असतील! मेटॅलिका स्वतः भारतात आला तो ३० ऑक्टोबर २०११ रोजी, बंगळुरूस. त्याआधी दोन दिवस दिल्लीजवळ गुडगाव येथे ठरलेला कार्यक्रम रद्द झाला आणि चिडलेल्या जमावाने तेथे मोडतोड केली. ही गोष्टही लपवून ठेवण्याचे कारण नाही.

हा वाद्यवृंद १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला. गायक व गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि ड्रम्स वाजविणारा लार्स उलरिक हे दोघे अगदी आरंभापासूनचे. चाळीस वर्षे उलटली, केस पिकले, मुले मोठी झाली. तरी दर काही वर्षांनी त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघते आणि जगभरचे श्रोते तिच्यावर तुटून पडतात. येथेच आमच्या आजच्या विषयाची गंमत आहे. जुन्या नामवंताची नवी कृती ऐकताना श्रोत्याच्या कानात त्याची जुनी कृतीच वाजत असते. १९८६ साली निघालेली ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ज्याने पंधराव्या वर्षी ऐकली, त्यास तीच पुन्हा हवी असते. तबकडी तर हवीच, शिवाय ते पंधरावे वर्षही हवे असते. ते कोण परत देणार? मग निराशा होते, शिव्याशाप होतात, आणि काही वर्षे गेली की तेच श्रोते गुपचूप ती टाकलेली ध्वनिमुद्रिका काढून पुन्हा ऐकू लागतात.

२००३ सालच्या ‘सेंट अँगर’चे असेच झाले. तिच्यात गिटारचे स्वतंत्र वादन मुळीच नव्हते आणि ड्रमचा आवाज पत्र्याचा डबा बडवावा तसा. श्रोत्यांनी तिची यथेच्छ टर उडविली. पण पुढल्याच वर्षी त्या दिवसांवरचा एक चित्रपट निघाला. हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी महिनोन्महिने दूर गेला होता, वृंद फुटण्याच्या काठावर होता, आणि हे दांडगे पुरुष एका समुपदेशकासमोर बसून एकमेकांशी बोलावयास शिकत होते, हे सर्व लोकांनी त्यात पाहिले. तेव्हा काहींस त्या डब्याच्या आवाजाचा अर्थ लागला. सर्वांस नव्हे. आमच्या भाच्यास तो आजही सोसवत नाही. पुन्हा ऐकले म्हणजे मत पालटलेच पाहिजे असे थोडेच आहे! काही तबकड्या दहादा ऐकूनही वाईटच राहतात.

आता ज्या ध्वनिमुद्रिकेबद्दल भाचा बोलत होता तिच्याविषयी. तिचे नाव ‘सेव्हंटी-टू सीझन्स’, म्हणजे बहात्तर ऋतू. ती १४ एप्रिल २०२३ रोजी निघाली, वृंदाची अकरावी. बारा गाणी, सत्याहत्तर मिनिटे. समीक्षकांनी बरे लिहिले. तिच्याच नावाच्या गीतास पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. पण जुन्या भक्तांपैकी पुष्कळांनी नाके मुरडली. फार लांबली, म्हणाले. एकही संथ गीत नाही, म्हणाले. मधली गाणी एकमेकांत मिसळून जातात. कर्क हॅमेटचे गिटारवादन आयत्या वेळी सुचेल तसे केलेले, घडवून तासलेले नाही. भाच्याचे मतही हेच होते. त्याने दोनदा ऐकली आणि बाजूस सारली.

आम्हांस येथे आपल्या तारप्याची आठवण होते. बाहेरचा मनुष्य सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर प्रथमच तारपा ऐकतो तेव्हा त्यास तो एकसुरी वाटतो. दुध्याचे तुंबे आणि बांबूच्या नळ्या, त्यातून निघणारी एकच घुमणारी ओढ. ना अंतरा, ना समेवर येणे. पाच मिनिटांत तो घड्याळ पाहू लागतो. परंतु तोच मनुष्य जर रात्रभर थांबला, वादकास मध्ये घेऊन फिरणाऱ्या त्या कमरेला हात घातलेल्या साखळीत दोन फेरे नाचला, तर पहाटे त्यास कळते की, वादक श्वास न तोडता सूर किती वेळा बदलतो आणि प्रत्येक बदलास पावले कशी उत्तर देतात. तारपा तोच होता; ऐकणारा जागा बदलून बसला, एवढेच.

आणि पाहा, योगायोग कसा! या ध्वनिमुद्रिकेनंतर २७ एप्रिल २०२३ पासून ॲम्स्टरडॅम येथून मेटॅलिकाने जो जगप्रवास आरंभिला, त्यात व्यासपीठ मैदानाच्या मधोमध, कड्यासारखे गोल. श्रोते आतही आणि भोवतालीही. बहुतेक शहरी दोन रात्री, आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचे एकही गाणे पुन्हा नाही. घरी एकट्याने ऐकताना जी गाणी सारखी वाटली, ती त्या रिंगणात वेगळी वाटली, असे सांगणारे श्रोते पुष्कळ निघाले.

भाचा काही तेथे गेला नव्हता. त्याने तबकडी पुन्हा लावली ती निराळ्याच कारणाने. त्याचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. हल्लीच्या मुलांप्रमाणे तोही तालावर भराभर बोलल्यासारखे काहीतरी ऐकतो. बापास त्यात ना सूर दिसतो, ना अर्थ. एके रात्री कारखान्यातून थकून आल्यावर त्याने मुलाच्या कानांतले यंत्र ओढून काढले आणि ओरडला. काय ओरडला ते त्याने आम्हांस सांगितले नाही. “तो आवाज माझा नव्हता, मामा,” एवढेच म्हणाला, “बाबांचा होता.” त्या रात्री झोप येईना, तेव्हा त्याने बहात्तर ऋतू पुन्हा लावले आणि या वेळी शब्द समोर घेऊन ऐकले.

बहात्तर ऋतू म्हणजे अठरा वर्षे. वर्षाचे चार ऋतू धरून. (आपल्याकडे ऋतू सहा, तेव्हा आपल्या हिशेबी एकशे आठ भरतात, आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या जपमाळेचे मणीही तितकेच.) या अठरा वर्षांत आईबाप मुलास तो कोण आहे ते सांगतात, खरे सांगतात तसे खोटेही सांगतात, आणि पुढले सारे आयुष्य मनुष्य तेच पुन्हा गिरवीत असतो किंवा त्याच्याशी भांडत असतो. हेटफिल्डने या नावाचा खुलासा काहीसा असाच केला आहे. मुखपृष्ठावर पिवळ्या रंगावर जळून कोळसा झालेला बाळाचा पाळणा आहे. आम्ही ते चित्र पाहिले आणि आम्हांस परसातला तो धूर आठवला.

हेटफिल्डचे स्वतःचे बहात्तर ऋतू कसे गेले? त्याचे आईबाप ‘ख्रिश्चन सायन्स’ नावाच्या पंथाचे. आजारास औषध घ्यावयाचे नाही, केवळ प्रार्थनेवर राहावयाचे, असा त्या पंथाचा आग्रह. बाप मालमोटार चालवी. मुलगा तेरा वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. आई कर्करोगाने गेली तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा. उपचार झाले नाहीत. देवाच्या नावाने जो मनुष्य आयुष्यभर रागावला, त्याच्या रागाचे मूळ हे असे आहे. कॅथोलिक धर्मसभेने वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी मानली, म्हणून आपल्या घरांत अशी आपत्ती येत नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली मुलाचे ऐकूनच न घेणे? तेवढ्यासाठी निराळ्या पंथाची गरज पडत नाही. आम्ही ते याच गावात, मिस्सा चुकविल्यावाचून, केले.

तिसरे गीत आत्महत्येच्या विचारासंबंधी आहे. नाव ऐकून आम्ही हादरलो. पण ते त्या कृत्याची भलावण करीत नाही. मनात असा अंधार दाटतो, तो बोलून दाखवावयास लाज वाटू नये, हे त्याचे सांगणे. वाचकांतील वडीलधाऱ्यांस स्मरत असेल, १९१७ च्या धर्मविधानानुसार जाणूनबुजून आत्महत्या केलेल्यांस ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या विधानात तो निर्बंध राहिला नाही; आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने स्पष्ट केले की, तीव्र मानसिक यातना वा भय यांनी मनुष्याची जबाबदारी कमी होते, अशा जिवाच्या तारणाची आशा सोडू नये. कृत्य गंभीर पाप आहे ही शिकवण पालटली नाही. पालटले ते त्या दुःखी जिवाकडे पाहणे. आपल्या घरातील कोणी मुलगा वा मुलगी अशा अंधारात असेल, तर ती गोष्ट कानावर पडताच रागे न भरता जवळ बसावे, आणि डॉक्टरांकडे व फादरांकडे त्याच दिवशी जावे. उद्यावर टाकू नये.

आता ते लॅटिन नावाचे गीत: ‘लुक्स एतेर्ना’. मृतांच्या मिस्सेतील ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत याच दोन शब्दांनी सुरू होते. आमच्या पिढीने ते लॅटिनमध्ये तोंडपाठ म्हटले आहे. मेटॅलिकाचे गीत ही मृतांसाठीची प्रार्थना नव्हे, हे सरळ सांगितले पाहिजे. जमलेल्या श्रोत्यांची हृदये एका ठोक्याने धडधडतात, पिढ्या एकमेकींस जोडल्या जातात, त्या उन्मादाचे ते वर्णन आहे. साडेतीन मिनिटांचे, घोडा उधळावा तसे. पवित्र शब्द असा मैदानात नेलेला आम्हांस आवडला नाही, आणि तो आवडला असे म्हणण्याचे आम्ही ढोंग करणार नाही. भाचा म्हणाला, “मामा, तो शब्द ऐकून मला मैदान आठवत नाही. बाबांची कबर आठवते.” यावर आम्ही काय बोलणार?

या सर्वांवरून कोणी असे समजू नये की, आमचे पिएदाद मातेचे देऊळ आता विजेच्या गिटारींनी दुमदुमावे. तरीही वाद्यांच्या बाबतीत धर्मसभेचा इतिहास आठवण्याजोगा आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी परमगुरू दहावे पायस यांनी देवळात पियानो, ढोल, झांजा व तत्सम गलबल करणारी वाद्ये वाजविण्यास मनाई केली. नाटकगृहातले संगीत मिस्सेत शिरले होते, ते बाहेर काढणे त्या वेळी जरुरीचेच होते. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेविषयीची संविधा जाहीर केली. तिने ऑर्गनचा मान कायम राखला. पण पवित्र कार्यास शोभतील अशी इतर वाद्येही योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असे म्हटले, आणि निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतास आदराचे स्थान दिले. म्हणून तर आज मराठी मिस्सेत तबला, ढोलकी आणि झांजा वाजतात. आज जी झांज ऐकून आमचे डोळे भरून येतात, ती आमच्या आजोबांच्या वेळी देवळाच्या पायरीबाहेर होती.

आणि सिल्वासाने तर संगीताचे ऋण विसरूच नये. १९५४ साली ही भूमी पोर्तुगीजांपासून मुक्त झाली, त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकार स्वतः उतरला होता.

असो, भाच्याच्या घरी गेल्या रविवारी आम्ही गेलो. जेवणे व्हावयाची होती. मनात बरेच दिवस होते ते आम्ही बोलून टाकले: त्या अकरा कॅसेटींचे काय करावयाचे? नव्या घेऊन देऊ काय? तो हसला. म्हणाला, त्यांतली सारी गाणी आता या फोनमध्ये आहेत, पैशांचे काही नाही. थोडे थांबून म्हणाला, “तुम्ही तेव्हा दोनच मिनिटे ऐकले होते, मामा.”

तेव्हा आम्ही शेवटचे गाणे लावावयास सांगितले. ‘इनामोराटा’, म्हणजे प्रेयसी. मनुष्य आपल्या दुःखालाच प्रेयसी करून तिच्या मिठीतून सुटू शकत नाही, असा त्याचा भाव. या वृंदाने आजवर ध्वनिमुद्रित केलेल्या स्वतःच्या गाण्यांत हे सर्वांत लांब, अकरा मिनिटांहून थोडे अधिक. नातू कानांतले यंत्र काढून दाराशी येऊन उभा राहिला. पहिली तीन मिनिटे आमचे डोके भणभणले. मध्ये कोठेतरी सर्व वाद्ये मागे सरली, केवळ जाड तारांची एक गिटार हळूहळू चालत राहिली आणि तिच्यावर अलगद दुसरी वाद्ये येऊ लागली. तेवढा भाग आम्हांस आवडला. त्यानंतरचा पुन्हा नाही आवडला. भाकऱ्या थंड झाल्या. गाणे संपल्यावर भाच्याने विचारले, कसे वाटले? आम्ही जसे वाटले तसे सांगितले. मग त्याने मुलाकडे पाहिले आणि म्हणाला, “आता तुझे लाव.”